विहिरीच्या काठावरची चप्पल

लांजा, २२ एप्रिल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. एकदा बाप म्हणून, एकदा वकील म्हणून. वकिलाचं म्हणणं आधी लिहितो. ‘इंग्लंडचा कायदा आगंतुकांना, म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या जागेत शिरणाऱ्यांना, डोक्यावर बसवतो’ हे वाक्य खोड.

न विचारता शिरला, पडला, वर भरपाई मागतो, हे चीड आणणारं आहे खरं. १९२९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सला, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टालाही, तसंच वाटलं होतं. स्कॉटलंडच्या कोळसा खाणीत चार वर्षांचं पोर यंत्राच्या चाकात सापडून गेलं. कुंपणाला भगदाडं, पोरं नेहमीच तिथे खेळायची. पण पोर आगंतुक आणि खाणवाल्यांनी काही मुद्दाम केलेलं नाही, म्हणून जबाबदारी नाही. आता चार वर्षांच्या जिवाला हद्द म्हणजे काय, हे कोण समजावणार होतं?

जागा ताब्यात असणाऱ्याच्या जबाबदारीबद्दलच्या १९५७ च्या कायद्यात मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे धरून चालायला सांगितलं, पण ते परवानगीने आलेल्यांपुरतं. न विचारता आलेल्या पोराला न्याय मिळाला तो १९७२ मध्ये, हेरिंग्टन खटल्यात. मिचमजवळ रेल्वेचं कुंपण पायाखाली तुडवून आडवं झालेलं, त्यातून सहा वर्षांचा मुलगा विजेच्या रुळावर गेला आणि भाजला. रुळांवर मुलं दिसतात हे स्टेशनमास्तरच्या कानावर आधीच घातलेलं होतं. लॉर्ड्सनी माणुसकीचा निकष लावला, तोच पुढे आगंतुकांसाठीच्या १९८४ च्या कायद्यात तीन प्रश्नांच्या रूपाने आला: धोका ठाऊक होता का, कुणी तिकडे फिरकेल याची कल्पना होती किंवा असायला हवी होती का, आणि त्यापासून काही संरक्षण देणं तुझ्याकडून रास्तपणे अपेक्षित होतं का. तिन्हींना ‘हो’ आलं तरच कर्तव्य. आणि तेही अंगाला झालेल्या इजेपुरतं, सामानसुमानाचं नाही. यात डोक्यावर कोण बसलं, सांग!

आता बापाचं. गेल्या मे महिन्यात दुपारी कलमांत पोरं शिरल्याची चाहूल लागली, म्हणून काठी घेऊन निघालो. आपल्या विहिरीला कठडा नाही. तुझ्या आजोबांपासून काठाला करवंदीचे काटे टाकायची पद्धत, तेही वाळून वाऱ्यावर गेलेले. काठावर निळी चप्पल पडलेली. एकच. मी आत वाकून बघितलं. पाणी स्वच्छ, तळ दिसत नव्हता. हाक मारली तर आवाज नीट फुटेना. तेवढ्यात फणसामागून ते कार्टं हसलं. पळताना चप्पल निसटली होती. त्याला मी काही बोललो नाही, आत घेऊन जाऊन सरबत दिलं.

त्या रात्री कायद्यातले ते तीन प्रश्न मी स्वतःला विचारले. तिन्हींना ‘हो’.

टॉमलिन्सनचा निकाल मात्र तुझ्यासारखाच मलाही पटतो. अठरा वर्षांचा मुलगा, चेशायरचं तळं, पोहायला मनाईचे फलक लावलेले, आणि त्याने उथळ पाण्यात सूर मारला. मान मोडली, जन्माचा अपंग झाला. तरी २००३ मध्ये लॉर्ड्सनी तळं सांभाळणाऱ्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, जबाबदार धरलं नाही. पाणी उथळ आहे हे काही लपलेलं नव्हतं. एकाच्या धाडसापायी वाळूचा किनारा बुजवला असता, तर बाकीच्यांनी, वाळूत बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी आणि खेळणाऱ्या मुलांनी, काय गुन्हा केला होता?

खरा अन्याय मला दुसऱ्या प्रश्नात दिसतो. कल्पना असायला हवी म्हणजे कोर्टापुढे तशी कल्पना देणाऱ्या गोष्टी ठाऊक असल्याचं सिद्ध व्हावं लागतं. जो आपल्या कुंपणाकडे कधी फिरकतच नाही, त्याला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो सुटतो. मी चप्पल पाहिली म्हणून अडकलो, त्या दुपारी झोपून राहिलो असतो तर मोकळा. यावर लिही. बघ, तुझे मास्तर काय म्हणतात.

विहिरीसाठी लोखंडी जाळी सांगितली आहे. वेल्डर शनिवारी माप घ्यायला येतो. आई म्हणते, घागर जाईल एवढी झडप ठेवा आणि किल्ली माझ्याकडे द्या. थंडीत डोकं झाकून फिर.

तुझा,
बाबा