पोलीस भरती नुसत्या मार्कांवर सोडून भागेल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पोलीस भरतीतला वशिला मोडायचा असेल तर सगळी भरती एका स्वतंत्र आयोगाकडे द्या, लेखी परीक्षा घ्या, मार्कांप्रमाणे लिस्ट लावा आणि वरून खाली माणसं उचला, विषय संपला. वाचताना आधी मान डोलावली, मग म्हटलं थांबा, एवढं सोपं असतं तर अमेरिकेत ही सिव्हिल सर्व्हिसची, म्हणजे वशिल्याऐवजी परीक्षा घेऊन सरकारी नोकरी द्यायची, पद्धत १४० वर्षं चालू असून तिथले लोक अजून तिच्यावरून भांडत का बसलेत? मी पोलीस नाही, पण एका सरकारी खात्याच्या भरती विभागात बावीस वर्षं काढलीत, लिस्टा केल्यात, लिस्टा कोर्टात गेलेल्या पण बघितल्यात, त्यामुळे दोन शब्द लिहावेसे वाटले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ही पद्धत आली कशातून ते बघू. अमेरिकेत पूर्वी निवडणूक जिंकली की जुन्या लोकांना घरी पाठवायचं आणि आपली माणसं चिकटवायची असा सरळ हिशोब होता, पोस्टमास्तरपासून पोलिसापर्यंत. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर ज्याने गोळ्या झाडल्या तो काही कुठल्या विचारसरणीचा वगैरे नव्हता, त्याला पॅरिसला वकिलातीत पोस्ट पाहिजे होती, ती मिळाली नाही म्हणून डोकं फिरलं. त्या धक्क्यातून १८८३ चा पेंडलटन कायदा झाला, परीक्षा घेऊन नोकरी. तो केंद्र सरकारच्या नोकऱ्यांपुरता होता, पण न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी आपला कायदा केला, पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सने, आणि मग हळूहळू शहरांच्या पोलिसांपर्यंत हे लोण गेलं.

आता गंमत बघा. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांची चौकशी करायला लेक्सो समिती बसली, तिच्यापुढे काय आलं, तर शिपायाच्या जागेचा भाव साधारण ३०० डॉलर आणि एका कॅप्टनने तर आपल्या जागेसाठी १५,००० डॉलर मोजल्याची कबुली दिली. त्या काळातले डॉलर हो! आणि ही रक्कम माणूस पदरची थोडीच सोसणार, जुगाराच्या अड्ड्यांकडून आणि दारूच्या गुत्त्यांकडून वसूल करणार ना. म्हणजे राज्यात कायदा होऊन अकरा वर्षं झाली तरी धंदा चालूच. पुढच्या वर्षी थिओडोर रूझवेल्ट (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते) तिथल्या पोलीस बोर्डाचे अध्यक्ष झाले, ते आधी सहा वर्षं केंद्राच्या नोकरभरतीवर देखरेख करणाऱ्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनवरच होते, त्यांनी शिफारशींची पत्रं बाजूला सारून परीक्षा आणि शारीरिक चाचणी खरोखर राबवायला घेतली तेव्हा कुठे फरक दिसायला लागला. तेही दोनच वर्षं होते म्हणा. मुद्दा असा की नुसता नियम छापून काही होत नाही, राबवणाराही लागतो, हे आम्ही भरतीवाले लोक दुसऱ्याला सांगत नाही पण आम्हाला माहिती असतं.

तर वशिला अडवणे हे या परीक्षेचं खरं काम आणि ते ती बऱ्यापैकी करते, याबद्दल माझं त्या गृहस्थांशी भांडण नाही. भांडण पुढे आहे. जी चाळणी चोराला बाहेर ठेवायला बनवली तिच्याकडून आपण चांगला पोलीस निवडायची अपेक्षा करायला लागतो.

लेखी पेपर काय मोजतो? वाचन, आकलन, थोडं गणित, स्मरणशक्ती. रात्री दोन वाजता नवराबायकोच्या भांडणात दार वाजवून आत शिरलेला माणूस आवाज न चढवता दोघांना वेगळं बसवू शकतो का, हे त्यात कुठे कळतं? बॉस्टनच्या पोलीस परीक्षेवर तर १९७२ मध्ये फेडरल कोर्टातच ठपका बसला, प्रश्नांचा पोलिसाच्या कामाशी संबंध दाखवता येईना आणि काळे व स्पॅनिश वंशाचे उमेदवार मात्र मोठ्या प्रमाणात गळत होते. पेपर सगळ्यांना एकच असतो म्हणून तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो असं नाही.

उलट टोकाचा किस्सा कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराचा. तिथे बुद्धिमापन चाचणीत २० ते २७ मार्क मिळवणाऱ्यांनाच मुलाखतीला बोलवायचे, एका उमेदवाराला ३३ पडले आणि त्याला त्याच कारणावरून घरी पाठवलं. फार हुशार माणूस या कामाला कंटाळतो आणि ट्रेनिंगवर खर्च केल्यावर सोडून जातो म्हणे! तो कोर्टात गेला आणि २००० साली अपील कोर्टाने शहराचंच बरोबर धरलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, पण नंतर वाटलं की आकड्यावर सगळं सोपवलं की आकडा कुठल्याही दिशेने वापरता येतो.

मग लिस्टेचं गणित. मॅसॅच्युसेट्समध्ये जागा जितक्या त्याच्या दुप्पट अधिक एक एवढेच उमेदवार विचारात घेता येतात, म्हणजे एका जागेला तीन, दोन जागांना पाच. वरच्याला डावलून खालचा घेतला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि डावललेला माणूस कमिशनकडे अपील करू शकतो. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण "साहेबांना योग्य वाटलं नाही" एवढ्यावर कोणी सुटत नाही. पण त्याच लिस्टेत माजी सैनिकांना सरसकट वर बसवलेलं असतं, मग मार्क किती का असेनात. त्यावरून १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत फीनी खटला गेला होता, एका बाईंना परीक्षेत चांगले मार्क असूनही दरवेळी माजी सैनिक पुढे निघायचे आणि सैन्यात तेव्हा बायका जवळजवळ नाहीतच, कोर्टाने तरी नियम कायम ठेवला. सैनिकांना मान द्यावा, त्याबद्दल वाद नाही, पण मग "फक्त गुणवत्ता" असं म्हणू नये, नाही का.

माझ्या स्वतःच्या अनुभवात एक मुलगा असाच चौथा होता. जागा एक, बोलवायचे तीन. तो कागदपत्रं द्यायला आला होता तेव्हा काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ चिडून ओरडत होते, या पोराने त्यांना खुर्ची दिली, त्यांचा फॉर्म भरून दिला, पाच मिनिटांत वातावरण शांत. आमच्या साहेबांनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "हा पाहिजे होता." पण तो चौथा होता. आम्ही पहिल्याला घेतलं, तो पुढे कसा निघाला ते लिहीत नाही, तो अजून नोकरीत आहे.

यावर लोक म्हणतात, मग चीफला, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाला, मोकळीक द्या, त्याला माणसं कळतात. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांनी अलीकडे तेच केलं, सिव्हिल सर्व्हिसमधून बाहेर पडले, कारण लिस्ट हातात यायला वेळ लागतो तोपर्यंत चांगली पोरं दुसरीकडे लागलेली असतात. तक्रार खरी आहे. परीक्षा झाल्यावर निकाल, बॅकग्राउंड चेक, मेडिकल, मानसिक चाचणी, अकॅडमी, वर्ष कुठे जातं कळत नाही, आणि तरुण माणसाला घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. पण मोकळीक दिली की पाच-सात वर्षांनी त्या छोट्या गावात आडनावं मोजून बघा, एवढंच माझं म्हणणं. पहिला चीफ सज्जन असतो हो, तिसरा कसा असेल ते कोणी सांगावं.

भरतीपेक्षा अवघड गोष्ट पुढची आहे, ती म्हणजे काढणं. सिव्हिल सर्व्हिसचं संरक्षण, म्हणजे ठोस कारणाशिवाय कोणाला काढता येणार नाही हा नियम, यासाठी दिला की मेयरच्या मेव्हण्याची गाडी अडवली म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये. छान. पण तेच कवच वाईट माणसालाही मिळतं. लॉस एंजेलिसमध्ये तर खुद्द पोलीस चीफलाच हे संरक्षण होतं, १९९१ मध्ये रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीचा व्हिडिओ सगळ्या जगाने बघितला तरी मेयर ब्रॅडली चीफ गेट्सना सरळ काढू शकत नव्हते, दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते म्हणतात. शेवटी १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून नियम बदलला, चीफला पाच वर्षांची मुदत, फार तर दोनदा. खालच्या पोलिसांचं बघायचं तर वॉशिंग्टन पोस्टने २०१७ मध्ये मोठ्या पोलीस खात्यांचा हिशोब काढला होता, २००६ पासून काढलेल्या १,८८१ जणांपैकी ४५१ जण अपील करून परत आले. त्यात युनियनच्या करारातल्या लवादाचा हात मोठा, सगळा दोष सिव्हिल सर्व्हिसच्या माथी मारता येणार नाही, पण जाळं सगळं एकात एक गुंतलेलं आहे.

तेव्हा मला विचाराल तर परीक्षा राहू द्या, पण पास-नापासपुरती किंवा गट पाडण्यापुरती, अर्ध्या मार्काने पहिला आणि चौथा असं करू नका. त्या गटातून निवडताना लेखी कारण द्यायची सक्ती आणि अपील, हे मात्र अजिबात सोडू नका. आणि सगळा जोर प्रोबेशनवर टाका, कारण कवच चढायच्या आधीचा तेवढाच काळ हातात असतो, त्या वर्ष-दीड वर्षात माणूस रस्त्यावर कसा वागतो ते सोबतच्या सीनियरने दर आठवड्याला लिहून ठेवलं पाहिजे, चांगलं पण आणि वाईट पण.

हे मी इतक्या ठासून का सांगतोय तर आमच्या खात्यात प्रोबेशनचा फॉर्म एका पानाचा होता आणि तो शेवटच्या दिवशी भरला जायचा. टाईप मीच करायचो. शेवटच्या रकान्यात "काम समाधानकारक" एवढं टाकून सहीला पाठवायचं. बावीस वर्षांत दुसरा शब्द टाईप केल्याचं मला आठवत नाही, त्या पहिल्या नंबरवाल्याच्या फॉर्मवर पण तोच होता.

आपला,
एक नियमित वाचक