आहे तीच होडी ठेव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. चाळीस फुटांखालची शिडाची होडी घेऊन लांब जाऊ नये असं तिकडे इंग्लंडात, प्लिमथच्या मरीनात (होड्यांच्या धक्क्यावर) तुला कुणी सांगितलं, आणि तू कर्ज काढून ४२ फुटी घ्यायला निघालास. आहे ती २८ फुटी विकू नकोस, बाळा. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

माझी वाकडी करंगळी तू लहानपणापासून पाहतोयस. ती कशी मोडली ते तुला कधी सांगितलं नाही. मित्राच्या अशाच मोठ्या होडीतून आम्ही तिघे मुंबईहून मुरुडला चाललो होतो. खांदेरी मागे पडली आणि तिन्हीसांजेला सोसाट्याचा वारा सुटला. मोठं शीड उतरवायचं तर दोर वर अडकलेला. ओलं कापड असं फडफडत होतं की तिघांना आवरेना. दोर ओढायच्या चक्रावरचा, म्हणजे विंचवरचा, दोर हिसका देऊन सुटला आणि करंगळी मध्ये सापडली. शीड खाली यायला पाऊण तास गेला. तुझ्या होडीचं शीड तू एकट्याने छातीशी कवटाळून खाली घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्र आहे, पाऊस आहे, सूनबाई उलट्यांनी आडवी झालीय, तेव्हा तुला एकट्याला होडी आवरेल का, एवढंच मी बघतो.

इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची होडी ‘सुहाइली’ ३२ फुटांची, आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यातून तो एकटा, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत जगाला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला फालमथला परतला. वाटेत फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, तर भर समुद्रात बुडी मारून त्याने ते बुजवलं. २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमीच्या ३२ फुटी ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीला जबर मार बसला. पण होडी तरंगत राहिली. मदत येईपर्यंत तीन दिवस तो तिच्यातच पडून होता.

लहान होडी हळू जाते, हे खरंच आहे. पाण्याला टेकलेली लांबी २४ फूट असेल तर साडेसहा नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास ती अडते. ३६ फूट असेल तर आठपर्यंत जाते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं रॉस्कॉफ तुझ्यापासून साधारण १०० सागरी मैल. सरासरी पाच नॉट धर, वीस तास. म्हणजे एक रात्र समुद्रात काढावी लागणार, आणि हेलकावेही जास्त बसणार. त्यासाठी हवामान बघून दोन दिवस जास्त थांब. सुट्टी कमी पडते म्हणून निघू नकोस, एवढं माझं ऐक.

कर्जाचे हप्ते भरण्यापेक्षा पैसे आहे त्या होडीवर घाल. नांगराची साखळी जाड घे, पुढचं शीड नवीन शिवून घे. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत हे विकणाऱ्याने तुला सांगितलंच नव्हतं ना? खालच्या टोकाला तार पकडीत शिरते तिथे भिंग लावून बघ. एक जरी पीळ तुटलेला दिसला तर सगळ्या बदल, आणि मला फोटो पाठव.

तुझा,
बाबा