लेकीस पत्र: शब्दाची संगत

धरमपेठ, नागपूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दांच्या वहीचे फोटो पाहिले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द, रोज ३०. मेहनत दिसते, पण ही रीत जीआरईत, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पुढच्या शिक्षणासाठी लागणाऱ्या त्या इंग्रजी परीक्षेत, दगा देईल. परीक्षा ऑक्टोबरात आहे, म्हणून आजच लिहिते.

टॅसिटर्न, लॅकोनिक, रेटिसेंट आणि टर्स या चौघांपुढे तू 'मितभाषी' एवढंच लिहिलंस. मराठीत आपण घुम्या माणूस आणि तुटक बोलणारा माणूस कधी एक धरतो का? टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल, घुम्याच्या जवळचा. लॅकोनिक माणूस बोलतो, पण मोजकं आणि नेमकं. ग्रीसमधल्या लॅकोनियावरून, म्हणजे स्पार्टाच्या मुलखावरून हा शब्द आला, तिथल्या लोकांचं थोडक्यात बोलणं प्रसिद्ध होतं. रेटिसेंट माणसाला शब्द सुचतात, पण मनातलं तो ओठांवर येऊ देत नाही. टर्स म्हणजे आखूड, बरेचदा तुटक, ऐकणाऱ्याला जरा लागणारं. मराठीत हे सगळे रंग तुला लहानपणापासून ठाऊक आहेत. मग इंग्रजी शिकताना ते पुसून का टाकायचे?

परीक्षा नेमकी याच फटीवर बोट ठेवते. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या प्रश्नात रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, आणि दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ सारखाच निघावा लागतो. एक बरोबर आणि एक चूक आला तर अर्धा गुण नाही, शून्य. उजवीकडे एकच मराठी शब्द लिहिणाऱ्याला दोन जवळचे पर्याय सारखेच वाटतात, आणि तिथेच फसगत होते.

अर्थाइतकीच शब्दाची संगतही शिकायची. कोणाशेजारी तो बसतो, कोणाशेजारी बसत नाही? 'सल्ट्री' घे. वहीत 'उष्ण' लिहिलं आहेस. मे महिन्यातल्या नागपूरला सल्ट्री म्हणशील तर चुकेल. ४५ अंशांवरचं ते कोरडं ऊन टॉरिड किंवा स्कॉर्चिंग. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की कूलर नुसता वारा फेकतो, गारवा देत नाही, अंगाला चिकचिक सुटते, ते सल्ट्री. हवेत आधीच ओल असली की कूलरच्या जाळीतलं पाणी नीट वाफ होत नाही, म्हणून तसं होतं. हे एकदा अंगावर आठवलं की शब्द जागचा हलत नाही.

आता कार्डं कर. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद, तळहाताएवढा. पुढच्या बाजूला शब्द लिहू नकोस, रिकाम्या जागेचं वाक्य लिही आणि फक्त पहिलं अक्षर दे. मिटिगेटचं कार्ड असं: पुढे 'झाडांमुळे उन्हाचा ताप कमी होतो' या अर्थाचं इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी एम आणि रेघ. मागे शब्द, खाली 'त्रासाची, नुकसानीची तीव्रता कमी करणे', त्याखाली संगत: रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स. आणि लाल शाईत: याच्यापुढे अगेन्स्ट लावायचं नाही, अगेन्स्ट लागतं ते मिलिटेटला, म्हणजे आड येण्याला. लाल शाईची ओळ प्रत्येक कार्डावर नको, जिथे खरोखर घोटाळा होतो तिथेच.

उच्चार देवनागरीत लिही आणि जोर पडतो त्या अक्षराखाली रेघ मार. एपिटमीत 'पि'वर जोर, हायपर्बलीत 'पर्'वर. या दोन्हींचं शेवटचं ई उच्चारायचं असतं. ए डब्ल्यू आर वाय असा लिहितात तो शब्द ऑरी नाही, अराय. चुकीच्या उच्चाराने पाठ केलेला शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही.

कार्डांना पाच कप्प्यांची पेटी लागते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत. चपलांचा खोका आणि पुठ्ठ्याचे चार पडदे पुरतात. पहिल्या कप्प्यातलं कार्ड १ दिवसाने बघायचं, पुढची अनुक्रमे २, ४, ८ आणि १६ दिवसांनी. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने बोल. आधी मागची बाजू पाहिलीस तर शब्द ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे.

रोज ३० का नकोत, त्याचा हिशोब बघ. प्रत्येक कार्ड निदान पाच वेळा हाती येतं. रोज १० नवी घेतलीस तर महिन्याभराने दिवसाला ५० कार्डं, एकेकाला १५ सेकंद धरले तर साडेबारा मिनिटं, चुकलेली मिळून वीसेक. रोज ३० घेतलीस तर १५० कार्डं, म्हणजे चुकलेली सोडूनही साडेसदतीस मिनिटं. नोकरी करून राहिलीस तू, तिसऱ्या आठवड्यात खोका पलंगाखाली जाईल. चार दिवस खंड पडला तर नवे शब्द बंद, साचलेलं संपेपर्यंत फक्त जुने.

धातू आणि उपसर्ग शिकताना तुझ्याजवळ एक घरचं भांडवल आहे. ग्रीकमधलं वाय घातलेलं 'डिस' आणि आपलं 'दुस्' ही एकाच मुळाची भावंडं. डिस्पेप्सिया म्हणजे शब्दशः दुष्पचन, त्यातलं 'पेप' आणि 'पच्' हेसुद्धा एकाच घरचे. नकाराचा नियमही तोच: व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. आपलं अरूप, अनादर. त्यांचं अमॉर्फस, ॲनार्की. मात्र आय घातलेलं 'डिस' लॅटिन आहे, त्याचं घर वेगळं.

तरीही तोंडवळ्यावर विसंबू नकोस. एनर्वेट म्हणजे अंगातलं बळ काढून घेणं, उत्साह देणं नव्हे. नॉइसमचा नॉइझशी संबंध नाही, तो ॲनॉयच्या घरातला: त्रासदायक, बहुधा दुर्गंधीमुळे. रेस्टिव्ह म्हणजे शांत नव्हे, चुळबुळणारा. या तिन्हींना लाल ओळ हवीच.

आणि मंगूसचं अनेकवचन गूसच्या गीससारखं होत नाही, मंगूसेसच होतं, कारण तो आपल्या मुंगसावरून इंग्रजीत गेला.

वहीतले शब्द टाकू नकोस, त्यातून रोज १० उचल. शनिवारी रात्री फोन करीन. वाक्य मी मराठीत सांगीन, रिकाम्या जागी शब्द तू भरायचा. या वेळी घुम्या, तुटक, मोजकं आणि ओठांत अडलेलं हे चारही येतील.

तुझी,
आई