सह्यांच्या कागदावरचं माझं नाव खोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात वडगावातल्या आमच्या गल्लीत सध्या एक कागद फिरतोय. माझ्या घराला लागून असलेलं 'होम' इथून हलवावं, असं महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन. सह्या जास्त दिसाव्यात म्हणून त्याला तीन वर्षांपूर्वीची जुनी पानंही जोडली आहेत, आणि त्या पानांवर माझी सही आहे. तेव्हा मला कुणी भरीस घातलं नव्हतं, राजीखुशीनं केली होती. ती मी मागे घेतोय. गल्लीत तोंडी सांगून झालं, पण ऐकतंय कोण? म्हणून हे पत्र.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे होम म्हणजे इस्पितळ नव्हे. मानसिक आजारावर उपचार होऊन डॉक्टरांनी सोडलेली, पण एकदम घरी जाऊन राहणं न जमणारी, नाही तर घरचे न्यायलाच आले नाहीत अशी माणसं इथं काही महिने राहतात. सध्या आठ-दहा पुरुष आहेत. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या नर्सबाई समोर उभ्या राहून देतात. सुरुवातीला बाहेर जायचं ते सोबत घेऊन. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्यानं, मग बसनं खडेबाजारपर्यंत, मग कुठं काम मिळालं तर तिकडे. एक जातो, दुसरा येतो. तीन वर्षांत किती तोंडं बदलली ते मी मोजलेलं नाही.

आमच्या लहानपणी कुणाचं डोकं फिरलं की "धारवाडला सोडून या" म्हणायचे, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. त्यातला 'सोडून' हा शब्द खराच असायचा. माझ्या आईच्या माहेरच्या नात्यातला एक जण असाच गेला, त्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही. माझ्या सहीमागे ती भीती होती, हे मी कबूल करतो.

आता माझ्याबद्दल. घरामागच्या शेडमध्ये माझे चार माग आहेत. सकाळी आठला खटखटाट सुरू होतो तो वीज असेपर्यंत. होमच्या खोल्यांची खिडकी आणि माझी शेड यांच्यात एक भिंत आणि हातभर जागा. गल्लीतल्या शांततेबद्दल या निवेदनात एक अख्खा परिच्छेद आहे, तो वाचताना मला हसू आलं. माझ्या मागांविरुद्ध आजवर कुणी सही गोळा केलेली नाही. इथं बहुतेकांच्या घरी माग होते किंवा आहेत, कान तयार आहेत.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दुपारी जेवून पडलो होतो, माग मुलगा बघत होता. होममधला रबकवी-बनहट्टीकडचा एक गृहस्थ दारात आला. पन्नाशीचा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला. रोज रस्त्यात दिसला की "ऊटा आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, एवढंच कन्नडमध्ये विचारायचा, मी "आत, आत" म्हणायचो, की संपलं. त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही. तीन बोटं दाखवली आणि शेडकडे हात करून म्हणाला, "पिकर, पिकर." मला वाटलं, काहीतरी बरळतोय. मुलानं तिसरा माग थांबवून बघितलं तर पिकरचं, म्हणजे धोट्याला ठोसा देणाऱ्या भागाचं, चामडं उलून निम्मं सुटलं होतं. तसाच चालला असता तर धोटा बाहेर उडाला असता, आणि उडालेला धोटा कुणाच्या डोळ्यावर बसेल ते सांगता येत नाही. शेजारी राहून मला ऐकू आलं नव्हतं, ते ह्यानं भिंतीपलीकडून आवाजावर ओळखलं. मागाचा आवाज त्याच्या अंगात इतका मुरलेला होता, आणि आजार झाल्यापासून त्याला मागाला हात लावू दिला नव्हता घरच्यांनी.

होमच्या लोकांना विचारून दुसऱ्या आठवड्यापासून तो रोज दोन तास कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या कांड्यांवर सूत गुंडाळायला, येऊ लागला. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, निम्म्या कांड्या मला परत भराव्या लागल्या. गोळ्यांनी हात कापतात म्हणे. महिनाभरानं मी नगावर पैसे द्यायला लागलो. पुढे त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. जाताना त्या गृहस्थानं चारही माग एकदा चालू करून ऐकले.

निवेदनात म्हटलंय की होम यळ्ळूर रोडला शेतात कुठंतरी हलवा, सगळ्यांच्या सोयीचं होईल. सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या? शेतात दुकान नाही, बस नाही, माग नाही, "जेवलात काय" म्हणून विचारायला माणूस नाही. परत माणसांत राहायची सवय करायला आणलेल्या माणसाला माणसं नाहीत तिथं ठेवायचं, हे मला कळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 19 मध्ये, मुलानं मोबाइलवर काढून दाखवलं, समाजात राहण्याचा आणि वेगळं न काढलं जाण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. घरच्यांनी नाकारलं एवढ्या कारणावरून कुणाला इस्पितळात अडकवून ठेवता येत नाही, असंही त्यातच आहे.

दुसरी मागणी, हलवेपर्यंत गेटला कायम कुलूप. यावर मी एकच आठवण देतो. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एर्वाडी इथं मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रमात आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली 28 माणसं जागच्या जागी गेली. पळताच आलं नाही.

याचा अर्थ होमवाल्यांचं सगळं बरोबर आहे असं नाही. उलट शेजारी म्हणून माझ्याइतका त्रास कुणाला नसेल. सेप्टिक टाकी वर्षातून दोनदा भरून वाहते आणि उतार माझ्या परसाकडे आहे. त्याहून वाईट म्हणजे रात्र. गेल्या आषाढात रात्री दोनला हिची झोप मोडली, बघतो तर एक पोरगा पावसात आमच्या तुळशीजवळ उभा. मी अर्धा तास त्यांचं गेट वाजवलं. बोर्डावरच्या नंबरवर फोन केला तर तो बंद. रात्रीच्या ड्यूटीचा माणूस होता की नव्हता, देव जाणे. शेवटी पोराला टॉवेल दिला, हिनं चहा केला, आणि सकाळी सहापर्यंत तो आमच्या सोप्यात बसला.

आणि तिथंच कळलं की तो बोलतो. खानापूरच्या घाटाकडचा होता, घरची भाषा मराठी. होममध्ये नर्स, समुपदेशक, स्वयंपाकी सगळे कन्नड बोलणारे. माणसं चांगली आहेत, त्यात वाद नाही. पण त्याला कन्नड दोन शब्दांपलीकडे येत नव्हतं, आणि कागदावर लिहिलं होतं 'बोलत नाही'. आमच्या सोप्यात मात्र गावची जत्रा, म्हैस, आजी, सगळं सांगून झालं. सीमाभागातल्या भाषेच्या वादात मला इथं पडायचं नाही. पण आजाराची आणि उपचाराची माहिती माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी, हे त्याच कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे, आणि बेळगावात मराठी येणारा एक माणूस सापडणं एवढं अवघड नसावं. तोवर मी आठवड्यातून दोन संध्याकाळी जाऊन बसतो. मला समुपदेशन येत नाही, म्हशीबद्दल बोलता येतं.

घराला गिऱ्हाईक येत नाही, भाडेकरू टिकत नाहीत, या तक्रारी मी खोट्या म्हणत नाही. फक्त गल्लीत पाणी रोज येत नाही, हेही त्यामागे असू शकतं.

रविवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे, मी जाणार आहे. निवेदन द्यायचंच असेल तर नवं लिहा. रात्री जागा असणारा माणूस, लागणारा फोन, मराठी येणारं कुणीतरी, आणि ती टाकी. त्यावर पहिली सही माझी. जुन्या पानावर मी वरून सातव्या ओळीत आहे. घर नंबर चुकीचा पडलाय, पण सही माझीच आहे. खोडायला तेवढं पुरे.

(माझं नाव छापू नये, ही विनंती. गल्लीला कळेलच, पण होममधल्यांची ओळख बाहेर नको.)

आपला,
एक मागवाला, वडगाव, बेळगाव