वन्समोअर मागायचा कुणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल आपल्या पुरवणीत संगीत नाटकांवरचा लेख वाचला. काल लगेच लिहिलं असतं तर भाषा बिघडली असती, म्हणून एक रात्र जाऊ दिली. फारसा फरक पडलेला नाही, हे पुढे दिसेलच.

लेखकमहाशय व्यासंगी आहेत, याबद्दल वाद नाही. पण पद म्हणजे नाटकातलं गाणं सुरू झालं की नाटक थांबतं, आणि संगीताची मौज घ्यायची तर आता सिनेमातच घ्यावी, कारण तिथे गाणी 'आटोपशीर' असतात, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. भाषण आटोपशीर असावं, सामान आटोपशीर असावं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तला कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची 'नच सुंदरी करू कोपा' म्हणून मनधरणी करतो, तीही आटोपशीर? तीच ओळ तो पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या वाटेने घेतो, कारण बाईसाहेब अजून मानलेल्या नाहीत. नाटक तिथे थांबलेलं नसतं, तिथेच तर चाललेलं असतं. रुसवा एका वाक्यात जातो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरच्यांशी एकदा बोलायला हवं.

पदं कापावीत, ही त्यांची सूचनाही काही नवी नाही. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअर घेता घेता पहाट व्हायची, हे खरंच. म्हणून तर नाटककार मो. ग. रांगणेकरांनी 'कुलवधू' आणलं, मोजक्या पदांचं आणि सुटसुटीत. ते साल होतं 1942. आपल्या लेखकांना हा विचार काल सुचला.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. त्या लेखात एक वाक्य आहे, की हल्लीच्या प्रयोगांत पदं 'निर्जीव' वाटतात. अगदी खरं! मात्र त्या प्रयोगाला साथ कुणाची होती, हे लेखकांनी पाहिलं का? साथीला माणूस होता की पेनड्राइव्ह?

गेल्या वर्षी मी याच 'सौभद्रा'च्या एका प्रयोगाला गेले होते. मंडळाचं नाव लिहीत नाही, पोरं मनापासून करत होती. तिकीट काढताना खिडकीवर विचारलं, "साथीला कोण आहे?" आतल्या मुलानं विचारलं, "म्हणजे?" तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पडदा वर गेला, नांदी झाली, ऑर्गन भरून वाजत होता आणि ऑर्गन कुठेच दिसत नव्हता. तबलाही नाही. सगळं ट्रॅकवर, आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. कृष्ण करणारा मुलगा मात्र गळ्याचा गोड, तयारीचा. 'नच सुंदरी' त्यानं असं काही म्हटलं की मागच्या रांगांतून वन्समोअर आला. मग पुढच्या रांगांतून आला. मीही दिला, खोटं कशाला बोलू. त्या मुलाचा चेहरा उजळला, त्यानं हात जोडले, आणि तेवढ्यात स्पीकरमधून पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरू झालं. तो विंगेकडे बघतोय, विंगेतून कुणीतरी हातानं 'पुढे चल, पुढे चल' करतंय, रुक्मिणी रुसायचं विसरून हसू दाबतेय. लोक ओरडताहेत आणि मशीन आपलं वाजतंय. शेवटी तो बिचारा पुढचं वाक्य बोलला, ते कुणाला ऐकूही गेलं नाही. त्या संध्याकाळी कोप झाला तो आम्हा प्रेक्षकांना, आणि आमची समजूत काढायला कुणी नव्हतं.

माझे काका हौशी मंडळात ऑर्गन वाजवायचे. सुट्टीत मी विंगेत त्यांच्या स्टुलाशेजारी बसायचे, भात्यावर त्यांचे पाय चालायचे ते बघत. एकदा अर्जुनाचा घसा ऐन प्रयोगाच्या दिवशी बसला. विंगेत येऊन त्यानं नुसता गळ्याला हात लावला. काकांनी मान हलवली, आणि काळी दोनचं पद काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत धरलं. तबलजींनी शाईवर बोट टेकवून बघितलं, हातोडी काढली, आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत तबल्याचा सूर उतरवून घेतला. बाहेर बसलेल्या कुणालाही पत्ता लागला नाही. अर्जुन तान घेऊन भरकटला की तबलजी त्याच्यासाठी थांबायचे, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आला की दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. ते हसू प्रेक्षकांना दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. ट्रॅकवर गाणारा नट तान घेत नाही, तो गाडी पकडतो. मग पदं निर्जीव वाटली तर त्यात किर्लोस्करांचा काय दोष?

सिनेमाशी माझं वाकडं नाही. 'कट्यार काळजात घुसली' मी नाटक म्हणूनही पाहिलंय आणि 2015 साली सिनेमा म्हणूनही दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा रडलेय. सिनेमात कॅमेरा गाणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत नेतो, नाटकात मागच्या रांगेतल्याला नुसता फेटा दिसतो. ते सुख वेगळं, आणि मला हवं आहे. पण एक सांगते. त्या सिनेमात एक गाणं संपल्यावर माझ्या शेजारच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ओशाळून हात मांडीवर ठेवले. टाळी घ्यायला समोर कुणी नव्हतं ना! पडद्यावर दुसऱ्या खेळालाही मी तिथेच रडले, अगदी त्याच तानेला. नाटकात तसं होत नाही. काल जिथे डोळे भरले तिथे आज काहीच होत नाही, आणि भलत्याच जागी गळा दाटतो.

आणि सिनेमाचे गोडवे गाताना त्याचाही इतिहास बघावा. 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः गायले, संगीतही त्यांचंच. 1911 साली 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली देणारेही तेच. पार्श्वगायन तेव्हा आलेलंच नव्हतं. नटानं गायचं ते कॅमेऱ्यासमोर, आणि साथीदारांनी बसायचं माइकच्या टप्प्यात पण कॅमेऱ्याच्या नजरेआड. बोलपटानं सुरुवातीला साथीदारांना निदान लपवून का होईना, जागेवर ठेवलं होतं. आम्ही नाटकवाले त्यांना घरी पाठवून मोकळे झालो.

साथीदारांचा खर्च झेपत नाही, दौऱ्यात ऑर्गन नेणं जड जातं, हे मला कळतं. काकांचा ऑर्गन चार माणसं उचलायची आणि चौघंही शिव्या द्यायची. मग एक पेटी आणि एक तबला घेऊन करा, आम्ही येऊ. ट्रॅकच लावायचा असेल तर जाहिरातीत तसं छापा. पूर्वी नाटकाच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात का होईना, 'ऑर्गन अमुक, तबला तमुक' असं असायचं आणि आम्ही ते वाचून जायचो. आता 'सुश्राव्य संगीत' एवढंच असतं. कोण वाजवणार, देव जाणे. आपल्या लेखकांनी पुढच्या परीक्षणात ही एक ओळ लिहिली, तरी मला कालचा लेख माफ आहे.

घरी आणखी एक परीक्षक आहे. नातू माझ्याबरोबर सिनेमा बघायला बसतो, आणि गाणं आलं की दहा-दहा सेकंद पुढे ढकलतो. "आजी, स्टोरी पुढे जात नाहीये," म्हणतो. तो बारा वर्षांचा आहे, त्याचं मी मनाला लावून घेत नाही. आपले लेखक बारा वर्षांचे नसावेत.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. नाट्यगृहातल्या मोबाइलबद्दल मी मागे पत्र पाठवलं होतं. ते आपण अर्ध्यावर कापलंत, आणि कापलंत तेही अशा ठिकाणी की मीच मोबाइलची बाजू घेतेय असा अर्थ निघाला. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, "तुम्हीसुद्धा?" हेही पत्र लांबलं आहे, ठाऊक आहे. जागा नसेल तर सिनेमाचा परिच्छेद काढा, नातवाचा काढा, काकांचाही काढा. त्या कृष्णाचा मात्र ठेवा. त्याला वन्समोअर मिळाला होता, हे कुठेतरी छापून यायला हवं.

आपली,
एक जुनी वाचक