‘मिश्री लावता का?’ असंही विचारा

‘आता या वयात सोडून काय फायदा?’ माझी आत्या असं म्हणायची. पहाटे तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, हातानं चुरून डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा दातांना लावायची. तिच्या लेखी ते व्यसन नव्हतंच, दात घासणं होतं. गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवायला ती दवाखान्यात गेली, तोवर फार उशीर झाला होता.

ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांच्या सवयींची १९५१ पासून ५० वर्षं नोंद ठेवली गेली. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडला की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी जातात. पण चाळिशीत सोडली तर त्यातली ९ वर्षं वाचतात, पन्नाशीत ६ आणि साठीतसुद्धा ३. आकडे सिगारेटचे आहेत, हे मान्य. तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका मिश्रीनंही वाढतो आणि सोडल्यावर कमी होत जातो. साठीतल्या बाईला हे कुणीतरी घरी येऊन सांगायला हवं.

गावात आशाताई घरोघरी येतात, माहिती भरून घेतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आमच्याकडच्या बायका खरेपणानंच ‘नाही’ म्हणतात, कारण त्या ती खात नाहीत, लावतात. म्हणून आरोग्य विभागाला विनंती, की मिश्रीचा प्रश्न नाव घेऊन वेगळा विचारावा आणि तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक त्याच वेळी हातात द्यावा.

– एक वाचक, कराड