शंखावरचा व्रण

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

जीवाश्म शंख-शिंपल्यांवर संशोधन करायचे तू ठरवलेस, तेव्हा "त्यात पुढे काय मिळणार?" असे मी विचारले आणि तू उत्तर न देता फोन ठेवलास. त्यानंतर शंख-शिंपल्यांचे अभ्यासक गीरात व्हर्मे यांच्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले.

१९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या या माणसाची दृष्टी काचबिंदूपायी अगदी लहानपणीच गेली. १९५५ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीतल्या शाळेत बाईंनी खिडकीत मांडलेले फ्लोरिडाचे शंख त्यांच्या हाती पडले. डच किनाऱ्यावरच्या खडूसारख्या शिंपल्यांची सवय असलेल्या बोटांना ते गुळगुळीत आणि नक्षीदार लागले. हा फरक कशामुळे, या प्रश्नाने त्यांची पाठ पुढे सोडली नाही. प्रिन्स्टननंतर ते येल विद्यापीठात प्रवेशासाठी गेले, तेव्हा अंध विद्यार्थी हे काम कसे करणार, अशी शंका असलेल्या एका अभ्यासकाने त्यांना संग्रहालयात नेऊन हातात एक शंख ठेवला. त्यांनी चाचपून 'हार्पा' हे त्याचे नाव सांगितले. दुसरा दिला, तोही 'ऑलिव्हा' म्हणून ओळखला. १९७१ मध्ये ते तिथूनच पीएच.डी. झाले. (शंका माझीही तशीच होती, त्या गृहस्थाने निदान परीक्षा तरी घेतली.)

पुढे मेरीलँड, मग कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अध्यापन, १९९२ ची मॅकआर्थर शिष्यवृत्ती, हे तुला ठाऊक असेलच. मला गुंतवले ते व्रणांनी. खेकड्याने शंखाची कड फोडली, पण आतला जीव बचावला, तर तो तुटलेल्या जागेपासून पुन्हा कवच घडवतो, आणि सांध्याची वेडीवाकडी रेघ कायम राहते. म्हणजे फसलेला हल्ला कोट्यवधी वर्षांनंतरही जीवाश्मावर सापडतो. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या काळात, कवच फोडणारे शत्रू वाढत गेले, तसतशी शंखांची कवचे जाड, तोंडे अरुंद आणि पाठी काटेरी होत गेल्या, असे व्हर्मे यांनी १९७७ च्या शोधनिबंधात मांडले. डोळ्यांनी शंखाचा रंग आधी दिसतो. बोटांना ती रेघ आधी लागत असावी.

सुट्टीत येताना व्रण असलेला एखादा जीवाश्म शंख घेऊन ये. व्रण कुठे आहे ते मात्र सांगू नकोस. डोळे मिटून मला तो शोधायचा आहे.

तुझा,
बाबा